संगणकाचें दुखणें आणि गल्लींतला वैद्य

वसई रोड स्टेशनांतून बाहेर पडून वस्तीच्या दिशेनें चालूं लागलें, म्हणजे औषधें, चष्मे, किराणा आणि मिठाई यांच्या रांगेंत मध्येंच एखादा अरुंद गाळा लागतो. आंत एकच टेबल. त्यावर प्रखर दिवा, लहानमोठे स्क्रू-ड्रायव्हर, धूळ झाडण्याचा ब्रश, सोल्डरिंगची कांडी, आणि पोट उघडून ठेवलेला एखादा लॅपटॉप. नायगांव, नालासोपारा, विरार, कोणत्याहि स्टेशनाजवळ हेंच दृश्य दिसेल. एके काळीं घड्याळजी आणि रेडिओ दुरुस्त करणारा यांचें शहरी संसारांत जें स्थान होतें, तें आज या गाळ्यांत बसणाऱ्या तरुणाकडे आलें आहे. फरक इतकाच, कीं घड्याळजीच्या हातीं दिलेल्या घड्याळांत घरांतील कोणतेंहि गुपित नसे. लॅपटॉपांत मात्र सारें घरच भरलेलें असतें. मुलीच्या लग्नाचीं छायाचित्रें, जागेच्या खरेदीखताची प्रत, आयकराचीं विवरणपत्रें, बँकेचा परवलीचा शब्द, आणि कित्येकदां निवर्तलेल्या वडिलांचा आवाजहि. एवढा ऐवज मनुष्य पावतीवांचून एका अनोळखी टेबलावर ठेवतो आणि 'संध्याकाळीं येतों' म्हणून चालूं लागतो. सोनाराकडे दोन ग्रॅमची अंगठी टाकतांना तोच मनुष्य ती दोनदां तोलून घेतो.

या भागांतील यंत्रांचीं बरींच दुखणीं हवापाण्याचीं असतात. समुद्र जवळ, खाडी जवळ, मिठागरांचा शेजार; दमट आणि खारट हवेनें तांब्याच्या सांध्यांवर हिरवट थर चढतो. वीज जाऊन एकाएकीं परत आली, तर वीज पुरविणारा आंतील संच जळतो. जुलै 2018 मधील अतिवृष्टींत वसई, नालासोपारा आणि विरार येथील वस्त्यांत दिवसचे दिवस पाणी तुंबून राहिलें, लोकल गाड्या थांबल्या आणि कित्येक भागांत वीजहि नव्हती. अशा वेळीं भिजलेलें यंत्र 'चालतें का पाहूं' म्हणून सुरू करण्याचा मोह आवरणें हाच पहिला उपचार होय. कारण पाण्यानें जितकें बिघडत नाहीं, तितकें त्या पाण्यांत वीज सोडल्यानें बिघडतें. एखादा सुटा भाग वसईंत मिळाला नाहीं, तर दुरुस्ती करणारा बिघडलेला बोर्ड पिशवींत घालून विरार लोकलनें ग्रँट रोड गांठतो. तेथें लॅमिंग्टन रोडवर (कागदोपत्रीं त्याचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग; पण या धंद्यांत तें फारसें कोणी घेत नाहीं) त्याला हवी ती वस्तु मिळते. हा सुटा भाग डोळ्यांना दिसतो, हातांत घेतां येतो. म्हणून त्याचे पैसे गिऱ्हाईक फारशी कुरकुर न करितां देतें.

खरी अडचण येते ती दुसऱ्या जातीच्या दुखण्यांत, ज्यांत कोणताच भाग बदलावयाचा नसतो. यंत्र मंद होतें, नको त्या जाहिराती पडद्यावर उड्या मारूं लागतात, फायली उघडत नाहींत. मग गाळ्यावर जें संभाषण होतें, तें साधारणपणें असें:

"काका, व्हायरस आहे. फॉरमॅट मारावा लागेल."

"मार की मग. किती घेशील?"

"पाचशे. विंडोज टाकून देतो, अँटिव्हायरस पण टाकतो."

"ओरिजिनल ना रे?"

"ओरिजिनलचे वेगळे पैसे पडतील, काका. हे पण तसंच चालतं."

"मग हेच टाक. आणि पाचशे फार होतात. तीनशे घे."

अर्ध्या मिनिटांत सौदा पटला. 'फॉरमॅट मारणें' म्हणजे दुखणेकऱ्याचें दुखणें न शोधतां त्याची स्मृतीच पुसून त्याला नव्यानें जन्मास घालणें. याला वेळ कमी लागतो, आणि बहुधा यंत्र पुन्हां पूर्वीसारखें पळूंहि लागतें. म्हणूनच तीनशे रुपयांत तें परवडतें. रोग कोठून आला, फायलींपैकीं किती वांचवितां येतील, हें शोधावयाचें तर तीन-चार तास बसावें लागेल, आणि त्या तासांचे पैसे देण्यास काका तयार नाहींत. दुरुस्ती करणाऱ्याच्या हातांतील ज्ञानास आपल्याकडे मोल नाहीं. मोल आहे तें सुट्या भागास. मग तो बिचारा आपलें पोट दुसऱ्या मार्गानें भरतो. चोरून केलेली विंडोज आणि कुलूप फोडलेला अँटिव्हायरस एका पेनड्राइव्हवर तयार ठेवलेला असतो, आणि तोच पेनड्राइव्ह दिवसभरांत आठ-दहा यंत्रांना लागतो. देवीच्या सांथींत एकच सुई सर्वांना टोचावी, तसा हा प्रकार आहे.

हा रोग म्हणजे वस्तुतः काय, हें समजून घेतल्यास पुढील गोष्टी सोप्या होतील. संगणकाचा व्हायरस हा किडा नव्हे, कीं हवेंतून येणारा जंतूहि नव्हे. तो मनुष्यानें लिहिलेला मजकूर आहे. यंत्रास द्यावयाच्या आज्ञांची एक लहानशी यादी. तींतली एक आज्ञा अशी असते, कीं या यादीची नक्कल करून ती दुसऱ्या ठिकाणीं ठेव. बाकीच्या आज्ञा लिहिणाऱ्याच्या मनाप्रमाणें. कोणी नुसता खोडसाळपणा करतो, कोणी फायली पुसतो, कोणी परवलीचे शब्द चोरतो. आयबीएमच्या धर्तीच्या छोट्या संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस 1986 सालचा. त्याचें नांव 'ब्रेन'. तो लिहिणारे बासित आणि अमजद फारूक अल्वी हे लाहोरचे दोघे भाऊ संगणकाचेंच दुकान चालवीत. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला कोण करतो तें कळावें म्हणून आपण तो लिहिला, असें त्यांचें म्हणणें. आणि मौज अशी, कीं त्यांनीं त्यांत आपलें नांव, पत्ता आणि टेलिफोनचा नंबरहि घालून ठेवला होता. म्हणजे दुकान, चोरटी नक्कल आणि रोग, या तिघांची गांठ अगदीं प्रारंभींच पडलेली आहे.

परंतु ज्या दुकानांतून रोग निघाला, तशाच दुकानांतून त्यावरचा उताराहि निघाला, आणि तो आपल्या महाराष्ट्रांत. त्याची हकीकत वसईच्या गाळ्यांत बसणाऱ्या प्रत्येक तरुणास ठाऊक असावी अशी आहे.

सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूर येथें जन्मलेले कैलास काटकर यांचें बालपण पुण्यांत गेलें. वडील फिलिप्सच्या कारखान्यांत नोकरीस. घरची स्थिति बेताची. कैलास यांनीं दहावीनंतर शाळा सोडली आणि 1985 च्या सुमारास महिना 400 रुपये पगारावर कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याच्या दुकानांत काम धरलें. कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्यासाठीं एका बँकेंत गेले असतां, कांचेच्या खोलींत ठेवलेलें दूरचित्रवाणीच्या संचासारखें एक यंत्र त्यांच्या दृष्टीस पडलें. तो संगणक होता. कॅल्क्युलेटरचे दिवस संपत आले, हें या मॅट्रिकच्या पुढें न गेलेल्या तरुणानें त्या कांचेबाहेर उभें राहून ओळखलें आणि त्या नव्या यंत्राची विद्या मिळेल तेथून गोळा करण्यास आरंभ केला. 1990 मध्यें 15,000 रुपये भांडवलावर त्यांनीं मंगळवार पेठेंत एका लहानशा खोलींत दुरुस्तीचें स्वतःचें दुकान थाटलें. 1993 मध्यें त्याचें नांव 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' झालें.

धाकटे भाऊ संजय यांना मात्र थोरल्यानें शाळा सोडूं दिली नाहीं. संजय यांचा ओढा इलेक्ट्रॉनिक्सकडे होता. पुढचा काळ संगणकाचा आहे असें सांगून कैलास यांनीं त्यांस मॉडर्न महाविद्यालयांत संगणकशास्त्राकडे घातलें, आणि फीचा भार दुकानाच्या मिळकतींतून उचलला. महाविद्यालयांत संगणक मोजके. त्यांतहि कांहीं व्हायरसनें आजारी पडून बंद. हातीं यंत्र यावें एवढ्याच गरजेपोटीं संजय त्या रोगांची चिरफाड करूं लागले. इकडे थोरल्या भावाच्या दुकानांत येणाऱ्या यंत्रांचीहि तीच तक्रार: आज बरें करून पाठवावें, आणि थोड्या दिवसांत तेंच यंत्र पुन्हां दारांत उभें.

त्या सुमारास 'मायकेलअँजेलो' या व्हायरसनें जगभर घबराट उडविली होती. तो फ्लॉपीच्या अगदीं पहिल्या भागांत दबा धरून बसे, आणि इटालियन कलावंत मायकेलअँजेलो याच्या जन्मदिवशीं, म्हणजे 6 मार्चला, जागा होऊन हार्ड डिस्कच्या आरंभींचा मजकूर पुसून टाकी. 1992 च्या मार्चपूर्वीं लाखों यंत्रें निकामी होतील असे अंदाज वर्तमानपत्रांतून झळकले; प्रत्यक्षांतली हानि त्या मानानें फारच थोडी झाली. परंतु ज्याचें यंत्र पुसलें गेलें, त्याला दुसऱ्यांचीं वांचलीं याचें समाधान तें काय? संजय यांनीं या व्हायरसवर उतारा लिहिला, मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. सुटे उतारे एकत्र करून विकण्यायोग्य वस्तु करावी, ही कल्पना थोरल्या भावाची. 1995 मध्यें 'क्विक हील' या नांवानें ती बाजारांत आली. नांवाचा अर्थ 'झटपट बरें करणें'. वैद्याच्या पुडीवर शोभावें असेंच तें आहे.

पुढची हकीकत यशाची म्हणून सर्वांना ठाऊक आहे. 2007 मध्यें संस्थेनें 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' हें नांव घेतलें, आणि फेब्रुवारी 2016 मध्यें तिचे समभाग शेअर बाजारांत आले. परंतु तीं सुरुवातीचीं वर्षें अधिक विचार करण्यासारखीं आहेत. हजारों रुपये मोजून संगणक घेणारें गिऱ्हाईक त्याच्या आंतील न दिसणाऱ्या वस्तूस शेंकडा रुपयेहि देण्यास नाखूष असे. फ्लॉपीवर मित्राकडून नक्कल मिळते, मग विकत कशाला? वसईच्या काकांनीं तीनशेचा सौदा केला, तो याच वृत्तीनें. आणि या भावांच्या दुकानांत जर सारींच गिऱ्हाइकें अशीं आलीं असतीं, तर मंगळवार पेठेंतील ती खोली आज कोणाच्या स्मरणांतहि नसती.

चोरटी विंडोज 'तशीच चालते', हें गाळ्यावरचें वाक्य खोटें नाहीं. तें अर्धें खरें आहे, आणि म्हणून अधिक घातक. पत्रें लिहिण्यास, चित्रपट पाहण्यास ती तशीच चालते. फरक पडतो तो दुरुस्तीच्या पुड्यांचा. तयार केलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्यें कोठें ना कोठें भगदाड राहतेंच. तें सांपडलें म्हणजे बनविणारी कंपनी तें बुजविण्याची पुडी, म्हणजे अपडेट, पाठविते. चोरटी प्रत बसविणारा बहुधा ही अपडेटची व्यवस्थाच बंद करून ठेवतो, कारण ती चालू राहिल्यास चोरी उघडकीस येण्याची भीति. याचा परिणाम काय होतो, तें 12 मे 2017 रोजीं जगानें पाहिलें. त्या दिवशीं 'वॉनाक्राय' नांवाचा व्हायरस सुटला आणि सुमारें दीडशे देशांत फिरला. यंत्रांतील फायलींना तो कुलूप घाली आणि किल्लीसाठीं सुमारें 300 डॉलर खंडणी मागे, तीहि बिटकॉइनच्या रूपानें, म्हणजे घेणाऱ्याचा माग सहजीं लागूं नये. ज्या भगदाडांतून तो शिरला, तें बुजविण्याची पुडी मायक्रोसॉफ्टनें दोन महिने आधीं, 14 मार्च रोजींच काढली होती! ज्यांनीं ती घेतली, त्यांच्या दारावरून तो तसाच पुढें गेला.

पुढच्याच महिन्यांत, 27 जून 2017 रोजीं, 'नॉटपेट्या' हा त्याचा भाऊबंद युक्रेनमध्यें उठला आणि तेथून डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या यंत्रणेंत शिरला. तिच्याच गटाकडे चालविण्यास असलेलें, मुंबई बंदरापलीकडील न्हावाशेवा येथील मालाचें एक टर्मिनल त्यामुळें अडून बसलें. युक्रेनमधील हिशेबाचा एक कारकुनी प्रोग्राम कोठें, आणि उरणच्या कांठावर खोळंबलेले कंटेनर कोठें! हा रोग मात्र खुद्द एका अपडेटच्याच पोटांतून पसरला होता, हेंहि सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. औषधाच्या बाटलींत विष मिसळल्याचे प्रसंग वैद्यकांतहि झालेलेच आहेत. त्यानंतर ऑगस्ट 2018 मध्यें पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेंत अशाच घातक प्रोग्रामनें प्रवेश मिळविला, आणि दोन दिवसांत निरनिराळ्या देशांतील एटीएममधून व परदेशीं रक्कम पाठवून मिळून सुमारें 94 कोटी रुपये लंपास झाले. मोठ्या संस्थांची ही कथा. मग घरच्या टेबलावरील यंत्राची काय मातबरी?

तथापि घाबरून जाण्याचें कारण नाहीं. घरगुती पथ्य तसें सोपें आहे. ज्यांना अँटिव्हायरस विकत घ्यावयाचा असेल, त्यांनीं तो बिलासह घ्यावा. ज्यांना तो खर्च नको, त्यांच्या विंडोज 10 किंवा 11 मध्यें मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा संरक्षक आधींपासून बसविलेलाच असतो, आणि साध्या घरगुती कामास तो पुरतो. कुलूप फोडलेला अँटिव्हायरस बसवून हा चांगला संरक्षक बंद पाडणें म्हणजे पगारी पहारेकऱ्यास हांकलून दरोडेखोराच्या ओळखीचा मनुष्य दारावर बसविणें होय. केंद्र सरकारचें 'सायबर स्वच्छता केंद्र' 2017 पासून यंत्र साफ करण्याचीं साधनें विनामूल्य देतें. विंडोज 10 चा नेहमींचा आधार मात्र 14 ऑक्टोबर 2025 रोजीं संपला आहे, आणि पुष्कळ जुनीं यंत्रें विंडोज 11 च्या अटींत बसत नाहींत. अशा यंत्रावर 'कसेंतरी' 11 बसवून देणारे गाळे निघतीलच. त्यापेक्षां केवळ पत्रव्यवहार आणि इंटरनेट एवढेंच काम असल्यास त्यावर लिनक्स बसवून मागावें. तें फुकट आहे, आणि तें फुकट घेण्यांत चोरी नाहीं. दुरुस्ती करणाऱ्यानें तें बसवून दिलें, तर त्याच्या कष्टाचे पैसे द्यावे, एवढेंच.

सर्वांत मोठें औषध मात्र प्रत, म्हणजे ज्याला बॅकअप म्हणतात तें. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत निराळ्या हार्ड डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटांत ठेवावी. 'सोडवून' या शब्दावर जोर आहे. यंत्रास कायम जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस यंत्राबरोबरच कुलुपबंद करतो. आणि वसईसारख्या गांवीं ती डिस्क खालच्या कप्प्यांत नव्हे, माळ्यावर ठेवावी.

यंत्र गाळ्यावर देण्यापूर्वीं अशी प्रत काढावी. परवलीचा शब्द चिठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवूं नये. यंत्राच्या तळाशीं असलेला क्रमांक आणि आंतील मेमरी व डिस्क यांचें माप पावतीवर लिहून घ्यावें, आणि बदललेला जुना भाग परत मागावा. शक्य असेल तर काम समोर बसून करून घ्यावें. ज्या दुकानदारास हें रुचत नाहीं, त्याच्या हातीं यंत्र देऊं नये. बहुतेकांस तें रुचतें, कारण पुढें भांडण होत नाहीं. मालकाच्या परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत शिरणें, त्यांतील माहिती उतरवून घेणें किंवा व्हायरस सोडणें हें 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 43 व्या कलमानें बेकायदा ठरविलें आहे, आणि अप्रामाणिकपणें केल्यास 66 व्या कलमानें तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. गाळ्यावर बसणाऱ्यास हें ठाऊक असलें, तर तें त्याच्याहि हिताचें आहे.

अलीकडे हाच रोग खिशांतल्या मोबाइलवर उतरला आहे. व्हॉट्सॲपवर लग्नाची निमंत्रणपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाचें चलन म्हणून एक फाइल येते. तिच्या नांवाच्या शेवटीं 'एपीके' हीं अक्षरें असतात. पत्रिका चित्र म्हणून येते, कागद म्हणून येते. ती 'बसवावी' लागत नाहीं. जी बसवावी लागते, ती पत्रिका नव्हे. अशी फाइल चुकून बसविली गेली आणि पैसे गेले, तर लाजेनें गप्प न बसतां तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावें. रक्कम चोराच्या खात्यांतून पुढें सरकण्यापूर्वीं अडविली जाण्याचा संभव पहिल्या कांहीं तासांतच असतो.

गाळ्यावरचें तें संभाषण निराळेंहि होऊं शकतें, आणि कांहीं गाळ्यांत होतेंहि.

"काका, फॉरमॅटनंतर करू. आधी सांगा, फोटोंची कॉपी कुठे आहे?"

"कॉपी? सगळं ह्यातच आहे रे."

"मग आज मिळणार नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावतो, फायली तपासून उतरवतो. रात्रभर चालेल. त्याचे सातशे होतील, आणि विंडोज तुमच्या लॅपटॉपबरोबर आलेलीच पुन्हा टाकतो; तिचे पैसे नाहीत."

काका क्षणभर घुटमळतात. मग स्टूल ओढून बसतात आणि चष्मा पुसतां पुसतां विचारतात, कीं नातवाच्या बारशाचे फोटो आधीं उतरवितां येतील का. तरुण डिस्क सोडवितो, तिच्यावर चिकटपट्टी लावून काकांचें आडनांव व तारीख लिहितो, आणि पाटी लावतो: 'कॉपी चालू आहे, हात लावूं नये.'